पत्रात ‘सल्ला’ लिहिलं होतं, म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं

मागच्या व्हिडिओत मी विक्रीच्या रजिस्टरबद्दल बोलताना सहज म्हणून विमानाच्या स्विचचा विषय काढला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, अर्धापूरच्या मोटर-स्टार्टरच्या दुकानाचा आणि बोइंगचा काय संबंध? व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलेली ती गोष्ट इथे नीट सांगतो. यात माझी स्वतःची एक चूक पण आहे, ती कॅमेऱ्यासमोर सांगायला जीभ रेटली नाही.

आधी विमानाचं बघू.

१२ जून २०२५ ला दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ७८७ विमान उडाल्यावर काही सेकंदांत कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचे १९ गेले. महिनाभराने विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा प्राथमिक अहवाल आला. त्यात असं आहे, की विमान जमिनीवरून उठल्यावर तीनेक सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, एकामागोमाग एक, मध्ये फक्त एका सेकंदाचं अंतर. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एक पायलट दुसऱ्याला विचारतो की तू बंद का केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. साधारण दहा सेकंदांनी पहिला स्विच परत ‘रन’वर आला, आणखी चार सेकंदांनी दुसरा. एक इंजिन सावरायला लागलं होतं, पण तेवढी उंची हातात नव्हती.

स्विच कोणी हलवले, कसे हलले, याचा निकाल तो अहवाल देत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर जे निकाल फिरतात त्यात मी पडणार नाही, तुम्ही पण पडू नका. माझं लक्ष गेलं ते त्याच अहवालातल्या दुसऱ्या एका छोट्या परिच्छेदाकडे.

हा इंधनाचा स्विच कसा असतो ते आपल्या भाषेत सांगतो. वेग वाढवायच्या दांड्यांच्या खालच्या बाजूला दोन छोटे खटके असतात, प्रत्येक इंजिनाला एक. घरातल्या बटणासारखे ते नुसते खाली-वर होत नाहीत. आधी स्प्रिंगच्या विरुद्ध वर ओढायचं, मग एका उंचवट्यावरून पलीकडे न्यायचं, मग सोडायचं. चुकून हात, बाही किंवा पुस्तक लागून इंजिन बंद पडू नये म्हणून हे लॉक. वरून बाजूला संरक्षक पट्ट्या असतात त्या वेगळ्याच.

अमेरिकेच्या विमान सुरक्षा संस्थेने, म्हणजे एफएएने, १७ डिसेंबर २०१८ ला या लॉकबद्दल एक पत्रक काढलं होतं. बोइंग ७३७ चालवणाऱ्या काहींनी कळवलं होतं, की त्यांच्याकडे हे स्विच लॉक न बसलेल्या स्थितीतच लावलेले निघाले, म्हणजे वर न ओढता सरळ ढकलला तरी स्विच हलत होता. तशाच बनावटीचे स्विच ७८७ सकट इतर मॉडेलमध्येही होते. पत्रकात म्हटलं होतं, तपासून बघा, लॉक ढिलं असेल तर बदला. तपासणी म्हणजे विमान जमिनीवर असताना स्विच वर न ओढता हलतो का ते बघणं. पण हे पत्रक ‘सल्ला’ होतं, ‘आदेश’ नव्हतं.

विमानाच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे. तिथे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह नावाचा आदेश असतो. तो निघाला की दिलेल्या मुदतीत काम करायचंच, नाहीतर विमान उडवता येत नाही. याच ७८७ चं एक उदाहरण ऐका, इलेक्ट्रिकलवाल्यांना मजा येईल. २०१५ मध्ये लक्षात आलं, की हे विमान २४८ दिवस सलग वीज बंद न करता चालू राहिलं तर त्याच्या जनरेटर कंट्रोल युनिटमधला मोजणीचा आकडा भरून वाहतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात. उपाय काय? बंद करून परत चालू करा! आपण सेट-टॉप बॉक्सला करतो तेच. पण ते ‘जमलं तर करा’ असं सांगितलं नाही. एफएएने आदेशच काढला, की ठरावीक दिवसांच्या आत एकदा वीज पूर्ण बंद करायचीच. सगळ्यांनी केलं.

२०१८ चं लॉकचं पत्रक या वर्गात बसलं नाही. आदेश काढण्याइतका धोका नाही, असं एफएएचं मत होतं. अपघात झालेल्या विमानावर ती तपासणी झाली नव्हती, आणि कारण अहवालात सरळ दिलंय: ते पत्रक सल्ल्याचं होतं, सक्तीचं नव्हतं. त्याच अहवालात हेही आहे की लागू असलेले सगळे सक्तीचे आदेश त्या विमानावर पाळलेले होते.

अपघातानंतर चित्र बदललं. १३ जूनलाच आपल्या डीजीसीएने एअर इंडियाच्या ७८७ विमानांना जादा तपासण्या लावल्या: इलेक्ट्रॉनिक इंजिन कंट्रोलची चाचणी, इंधन प्रणालीची, तेलाची, हायड्रॉलिकची. १४ जुलैला आदेश निघाला, की भारतात नोंदलेल्या ७३७ आणि ७८७ विमानांच्या इंधन स्विचचं लॉक २१ जुलैपर्यंत तपासायचं. साडेसहा वर्षं जे ‘बघू कधीतरी’ होतं ते आठवड्यात झालं. एअर इंडियाने २२ जुलैला जाहीर केलं, की आमच्या सगळ्या ७८७ आणि ७३७ विमानांचं लॉक तपासलं, काहीही दोष सापडला नाही.

काही नाही सापडलं. म्हणजे ‘बघा, तेव्हाच तपासलं असतं तर अपघात टळला असता’ असं मला म्हणता येत नाही, आणि मी म्हणतही नाही. मला वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ केलं. ‘सल्ला आहे, सक्ती नाही’ हे वाक्य वाचलं तेव्हा ते माझ्याच आवाजात ऐकू आलं.

आता माझं सांगतो.

आमचं दुकान मोटर, स्टार्टर, केबल, पाइप असं आहे. इकडे केळी म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे बोअरची मोटर. गिऱ्हाईक सगळं शेतकरी. बीबीए करून मी दुकानात बसलो तेव्हा मला वाटायचं धंदा म्हणजे मार्जिन, स्टॉक, उधारी. चार वर्षांपूर्वी एका कंपनीचा स्टार्टर आम्ही ठेवायला लागलो. एका लॉटचे बावीस नग विकले. काही महिन्यांनी त्या कंपनीचं सगळ्या डीलरना पत्र आलं, व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. त्या लॉटमध्ये लाल बटणाचं लॉक काही नगांत नीट पकडत नाही असं आढळलंय, डीलरनी शक्य असल्यास ग्राहकांकडे तपासावं, असा सल्ला.

ज्यांना स्टार्टर माहीत नाही त्यांच्यासाठी: लाल बटण दाबून फिरवलं की ते आत अडकून राहतं आणि मोटर चालू होऊ शकत नाही. हे कशासाठी? कारण आपल्याकडे लाईटची पाळी असते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्री उठून कोण जाणार, म्हणून शेतकरी ऑटो लावतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. त्यामुळे मोटरला हात लावायचा असेल तर लाल बटण लॉक करावं लागतं. ते लॉक ढिलं असेल तर बटण स्वतःहून बाहेर येतं, आणि लाईट आली की ऑटो आपलं काम करतो.

मी ते पत्र वाचलं. ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द वाचून मला बरं वाटलं. सीझन होता, दुकानात मी आणि एक पोरगा. प्रिंट काढली, ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानंतर त्या ड्रॉवरवर बिलबुकं येत गेली.

दीड-दोन महिन्यांनी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला शॉक बसला. मी त्यांना मामा म्हणतो, माझ्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. बोअरजवळचा केबलचा जोड गरम होत होता म्हणून लाईट गेलेली असताना त्यांनी लाल बटण लॉक केलं आणि जोड उघडला. लाईट आली. बटण बाहेर आलेलं होतं. मामा मागे फेकले गेले म्हणून वाचले. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, अंगठा अजून पूर्ण वळत नाही.

दवाखान्यात गेलो तर मामा मलाच समजावतात, “फ्यूज काढायचा कंटाळा केला रे, माझीच चूक.” फ्यूज काढायला पाहिजे होता हे खरंच आहे. नुसत्या लाल बटणावर विश्वास ठेवून वायरीला हात लावायचा नाही, हे मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो. पण मामांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. त्यांच्या स्टार्टरचं लॉक ढिलं असू शकतं, हे माझ्या ड्रॉवरमध्ये लिहून ठेवलेलं होतं. मी तिथे ते बोललो नाही. आठ दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन बोललो. मामी एक शब्द बोलल्या नाहीत, चहा ठेवला आणि आत गेल्या. मामा म्हणाले, “बाकीच्यांचं बघ आता.”

मग चार रविवार मी तेच केलं. गाडीला पाना-टेस्टर बांधून अर्धापूर, आजूबाजूची गावं, पार हिंगोली रोडपर्यंत. एका नगाला तपासायला पाच मिनिटं. बटण दाबायचं, फिरवायचं, हाताने दोन-चार वेळा पेटीला धक्का द्यायचा, बघायचं सुटतं का. एकोणीस नग सापडले, त्यात चारांचं लॉक ढिलं निघालं. कंपनीने ते बदलून दिले, पेट्रोल माझं. हिशेब केला तर खर्च एका स्टार्टरच्या किमतीएवढाही आला नाही.

एकोणीस. उरलेले तीन कुठे गेले ते मला सांगता येईना, कारण ते रोखीत, बिलाशिवाय गेले होते. “पावती नको, दहा कमी कर” म्हणणारं गिऱ्हाईक आपल्याला आवडतं ना? ही त्याची किंमत. आणि इथे मला विमानवाल्यांचं खरंच कौतुक वाटतं. त्या अपघाती विमानात हे स्विच ज्या थ्रॉटल मॉड्यूलवर बसतात ते २०१९ आणि २०२३ मध्ये बदललेलं होतं, बदलण्याचं कारण स्विचशी संबंधित नव्हतं, २०२३ नंतर स्विचबद्दल एकही तक्रार नोंदलेली नाही, हे सगळं अहवालात महिन्याभरात येऊ शकलं. कारण कुठला भाग, कधी, कुठल्या विमानात बसला, याचा कागद होता. माझे तीन स्टार्टर मात्र हवेत विरले.

बरेच जण ट्रेनिंगमध्ये विचारतात, की सर, येणारा प्रत्येक सल्ला पाळायचा म्हटलं तर धंदा कधी करायचा? प्रश्न बरोबर आहे. कंपन्या रोज काहीतरी पाठवतात. त्यातलं निम्मं स्वतःची जबाबदारी झटकायला असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. विमान कंपन्यांकडे तर असल्या पत्रकांचा ढीग येतो, तिथेही निवड करावीच लागते. सरकारने सक्ती केलेल्या गोष्टी आपण करतो, वजनकाट्याचं पासिंग घ्या, कारण दंड होतो. बिनसक्तीच्या गोष्टींत मी आता एकच बघतो: हे बिघडलं तर माझे पैसे जातील की कोणाचा हात जाईल? पैसे जाणार असतील तर तो सल्ला, सवडीने बघू. हात जाणार असेल तर पत्रावर काहीही लिहिलेलं असो, माझ्या दुकानात ती सक्ती. त्यावर मी लाल पेनने तारीख टाकतो, त्या तारखेपर्यंत काम झालं नाही तर त्या मालाची विक्री बंद. आमच्या पोराने एकदा खरंच बंद केली होती, मी गावाला असताना, आणि सीझनमध्ये तीन दिवस माल पडून राहिला म्हणून मी त्याच्यावर चिडलो पण होतो. नंतर त्याची माफी मागितली.

हे तुम्हाला स्टार्टरपुरतं वाटत असेल तर आपल्या ग्रुपमध्येच बघा. घरगुती गॅसवर मसाला भाजणाऱ्या ताई आहेत, रेग्युलेटरचा पाइप शेवटी कधी बदललाय? पिठाची गिरणी टाकलेले दादा आहेत, पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलीय कारण साफ करायला अडचण होते. ई-रिक्षाची बॅटरी विकणारे आहेत, चार्जरबद्दल कंपनीचा मेसेज आला होता तो कोणत्या ग्रुपमध्ये गाडला गेला? तुमच्यापैकी कोणाला यावर अजून आदेश आलेला नाही. मुदत तुम्हालाच टाकायची आहे.

रजिस्टरचं एक राहिलं. स्टार्टर, ऑटो, मोटर, यातलं काहीही रोखीत गेलं तरी मी आता नग क्रमांक, गावाचं नाव आणि मोबाईल लिहितोच. गिऱ्हाईक कंटाळतं, एक-दोघं शेजारच्या दुकानात गेले पण.

त्या तीनपैकी एक नंतर मालेगाव रोडच्या एका शेतात सापडला, लॉक चांगलं होतं. दुसरा भंगारात गेल्याचं कळलं. तिसरा अजून बाहेर आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून बिलाशिवाय स्टार्टर नेला असेल तर तो आधी फ्यूज काढून उतरवा आणि घेऊन या. पावती मागणार नाही, बदलून देतो.