चोवीस तासांचा दंडक

दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांस उपलब्ध झाली, हे वृत्त वाचून, ज्या एटापल्ली तालुक्यात सिकलसेल या रक्तरोगाच्या कळांनी मुले अद्याप तळमळतात तेथील रहिवाशास आनंदाबरोबर किंचित विषादही वाटला, तर तो क्षम्य मानावा.

जनुकसंच वाचण्याच्या विद्येचा पूर्वार्ध मी त्वरेने ओलांडतो. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी सुमारे ५,४०० डीएनए-अक्षरांचा विषाणू वाचला, १९८२ मध्ये ४८,५०२ अक्षरांचा लॅम्ब्डा विषाणू; ती वर्षे वंदनीय, परंतु नीरस.

खरे नाट्य १९९५ नंतरचे. त्या वर्षी क्रेग व्हेंटर व हॅमिल्टन स्मिथ यांच्या चमूने हिमोफिलस जंतूची सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरे, आधी नकाशा न आखता, शॉटगन पद्धतीने वाचली: एकाच महसुली दप्तराच्या अनेक नकला वाटेल तशा फाडाव्यात आणि सामायिक ओळींवरून मूळ दप्तर सिद्ध करावे, तसा हा उद्योग. मनुष्याच्या तीन अब्ज अक्षरांत पुनरुक्ती एवढी, की १९९७ मध्ये वेबर व मायर्स यांनी हाच मार्ग सुचवताच फिल ग्रीन यांनी त्याचे लेखी खंडन केले. तथापि १९९८ मध्ये निघालेल्या व्हेंटर यांच्या सेलेरा कंपनीने, प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके वाचून व त्यांतील अंतराचा आधार घेऊन, २००० मध्ये फळमाशीचा जनुकसंच जुळवून दाखवला.

यश पद्धतीचे मानावे, कंपनीचे नव्हे. कारण मनुष्याच्या जनुकसंचाच्या जुळणीत तिने त्याच कामी लागलेल्या सार्वजनिक प्रकल्पाची विदा मुक्तहस्ते घेतली आणि २००१ मध्ये स्वतःची मात्र अटींच्या कुलपात ठेवली. २६ जून २००० रोजी व्हाइट हाउसमध्ये विजयाची द्वाही फिरली खरी, परंतु सुमारे आठ टक्के भाग २०२२ पर्यंत अवाचितच होता.

त्या धामधुमीतील मोलाची वस्तू म्हणजे जुळलेला क्रम चोवीस तासांत जगापुढे ठेवण्याचा १९९६ चा बर्म्युडातील ठराव. आज त्या दहा हजार भारतीयांच्या विदेसाठी रीतसर अर्ज करावा लागतो; व्यक्तीच्या गोपनीयतेस्तव ते युक्तही असेल. पण बर्म्युडाचा तो उदार दंडकसुद्धा संशोधकांच्याच कामाचा होता. रक्त देणाऱ्यास उत्तर किती दिवसांत द्यावे, याची मुदत मुक्रर केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनमधील एकाच अमिनो आम्लाच्या बदलात आहे, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५७ मध्येच दाखवल्यामुळे एटापल्लीचे काम अब्जावधी अक्षरांवाचून अडलेले नाही. २०४७ पर्यंत हा रोग हटविण्याची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये निघाली आहे; तिच्या अंमलदारांनी तपासणीचा निकाल रुग्णाच्या हाती पडण्याची मुदत हुकुमाने ठरवावी, आणि तो एटापल्लीच्या माडिया बोलीत समजावून सांगणारा माणूस तेथील प्रत्येक दवाखान्यात नेमावा.