ट्रॅक्टरची गंजलेली डिझेल टाकी

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर वारंवार तुंबत असल्यास आधी टाकी तपासावी. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते व पत्रा आतून गंजतो. टाकी उतरवून रिकामी करावी, आत मूठभर खडी व थोडे डिझेल घालून हलवावी, खळबळून काढावी.

छिद्र पडले असल्यास रिकाम्या टाकीवर वेल्डिंग कदापि करू देऊ नये. राहिलेल्या वाफेचा स्फोट होऊन जीव जातो. टाकी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, पाणी भरूनच काम करणारा जाणकार कारागीर गाठावा. तळ ठिकठिकाणी पातळ झाला असल्यास डागडुजीत पैसे घालू नका, नवी टाकी बसवा. पण जस्ताच्या पत्र्याची नको. डिझेलमध्ये जस्त उतरून नोझल खराब होतात. पुढे रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.