मिल बंद पडली, मग युनियन कशाला? जेसी मिल ते हुकूमचंद : थकबाकीचा हिशोब समजून घ्या

जयेंद्रगंज (ग्वाल्हेर) : लष्करातल्या जयेंद्रगंजात आज दुकानं आणि ऑफिसं यांचीच गर्दी दिसते. गिरणीचा भोंगा ऐकलेली पिढी आता म्हातारी झाली. इथून हजिऱ्याकडे गेलं की बिर्लानगर लागतं. बिर्ला घराण्याने 1921 मध्ये तिथे जियाजीराव कॉटन मिल उभी केली. लोकांच्या तोंडी ती जेसी मिल. नव्वदच्या दशकात ती बंद पडली. मशिनं थांबली, पण कामगारांच्या देण्यांचा हिशोब पुढे तीसेक वर्षं चालूच राहिला.

कारखानाच नाही, तर युनियनचं काम काय? असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर इंदूरमध्ये सापडतं.

इंदूरमध्ये काय घडलं?

इंदूरची हुकूमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली. कामगार संघटनांनी कोर्टाची लढाई सोडली नाही. मिलच्या जमिनीचा तोडगा निघाला आणि 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटर आणि युनियनच्या पदाधिकाऱ्यांकडे देण्यात आला. लाभार्थी होते सुमारे 4,800 कामगार. 32 वर्षं लागली. कित्येकांच्या वाट्याचे पैसे वारसांनी घेतले. त्यानंतर जेसी मिलच्या देण्यांचाही निकाल लावू, असं राज्य सरकारने सांगितलं.

रांगेत कामगार कुठे?

कंपनी बुडाली की तिची मालमत्ता लिक्विडेटरच्या ताब्यात जाते. ती विकून आलेले पैसे देणेकऱ्यांत वाटले जातात. पूर्वी तारण कर्ज दिलेल्या बँका आधी आणि कामगार त्यांच्या मागे, अशी रांग होती. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. 1985 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगार बँकांच्या बरोबरीने उभा राहिला.

2016 च्या दिवाळखोरी कायद्यातही ही बरोबरी आहे, पण लिक्विडेशन सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांच्या देण्यांपुरती. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम मात्र या वाटणीच्या बाहेर राहते. हक्क कागदावर असला तरी दावा दाखल करणं, वकील लावणं, हजारोंच्या याद्या जपणं एकट्या कामगाराला जमत नाही. ते काम युनियन करते.

फूट कशी पडली?

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना एकत्र आणलं. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली ती याच चळवळीतून. 1920 मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली आणि 1926 च्या कायद्याने युनियनला नोंदणी व संरक्षण मिळालं. 1947 मध्ये इंटक आली. 1955 मध्ये भोपाळला, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघ काढला. झेंडे वाढले, तशी ताकद वाटली गेली.

शिवाय मुंबईच्या 1946 च्या कायद्यात एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' युनियन बोलणी करू शके. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांसोबत संपावर गेले. पण मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार एकीकडे आणि बोलणीचा अधिकार दुसरीकडे, असा पेच झाला. मध्य प्रदेशच्या 1960 च्या कायद्यातही 'प्रातिनिधिक युनियन'चीच पद्धत होती.

नव्या संहितेत काय?

औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन मालकाशी बोलणी करेल. तशी एकही नसेल, तर किमान 20 टक्के पाठिंब्याच्या युनियनची परिषद बनेल. संपाआधी 14 दिवसांची नोटीस सगळीकडे सक्तीची. कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट केंद्रीय कायद्यात 100 कामगारांपासून होती, ती आता 300 पासून आहे. म्हणजे 250 कामगारांचा कारखाना परवानगीशिवाय बंद होऊ शकतो.

दुकानातल्या नोकराचं काय?

खरी अडचण जयेंद्रगंजासारख्या बाजारात आहे. चार-पाच नोकरांच्या दुकानाला साधारणपणे ना पीएफ लागू, ना ग्रॅच्युइटी. पीएफसाठी 20 आणि ग्रॅच्युइटीसाठी 10 माणसं लागतात. उद्या शटर खाली आलं तर दावा कशाचा करणार?

पण युनियनचा रस्ता बंद नाही. नोंदणीसाठी एकाच मालकाकडचे कामगार लागतात असं नाही. एका उद्योगातले 10 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा पुरतो. मात्र सात सभासद हवेतच. शहरभरच्या दुकानांतले शंभर जण एकत्र आले तरी युनियन उभी राहू शकते.

तोवर एक काम प्रत्येकाने करावं. नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती, बँकेची नोंद, हजेरीचा पुरावा जपून ठेवावा, आणि ते कुठे ठेवलंय हे घरच्यांनाही सांगून ठेवावं. 32 वर्षांनी पैसे आले, तर सही करायला कदाचित तेच जातील.