क्षिप्रेवरील चंद्रदर्शन आणि रमजानचा आरंभ

उज्जयिनीस क्षिप्रा उत्तरवाहिनी आहे आणि रामघाट तिच्या पूर्वतीरावर आहे. त्यामुळे या घाटाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याचे मुख आपोआप पश्चिमेकडे, पैलतीरीच्या दत्त आखाड्याकडे वळते. अमावास्येचे स्नान आटोपून यात्रेकरू पांगले, की एक-दोन दिवसांनी सूर्यास्तानंतर याच दिशेला, क्षितिजापासून थोड्या उंचीवर, केसाएवढी बारीक चंद्रकोर घटकाभर दिसते आणि मावळते. शाबान महिन्याच्या २९ व्या सायंकाळी शहरातील सुन्नी मुसलमान आपापल्या गच्चीवरून याच आकाशाकडे डोळे लावून उभे असतात. कोर दिसली, तर त्याच रात्री मशिदीत तरावीहची नमाज सुरू होते आणि पहाटे पहिल्या रोज्याची सहरी होते. ढग आडवे आले आणि चंद्र पाहिल्याची विश्वसनीय ग्वाही कोठूनही मिळाली नाही, तर शाबानचे ३० दिवस पुरे करून मगच रमजानचा आरंभ होतो.

परंतु याच शहरात असा एक समाज आहे, की ज्याला त्या सायंकाळी गच्चीवर चढावे लागत नाही. दाऊदी बोहऱ्यांची वस्ती उज्जयिनीत मोठी आहे. त्यांचे ४७ वे दाई, म्हणजे धर्मगुरू, सय्यदना अब्दुलकादिर नजमुद्दीन १८८५ मध्ये येथेच निवर्तले आणि त्यांची मजार-ए-नजमी ही या समाजाची यात्रेची जागा झाली. इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या परंपरेतून आलेली मिसरी कालगणना बोहरे पाळतात. तीत ३० वर्षांचे एक चक्र असून त्यांपैकी ११ वर्षांत शेवटच्या महिन्यास एक दिवस अधिक धरतात; विषम क्रमांकाचे महिने ३० दिवसांचे आणि सम क्रमांकाचे २९ दिवसांचे. रमजान हा नववा महिना असल्यामुळे तो त्यांच्याकडे सदैव ३० दिवसांचाच भरतो, आणि त्याचा प्रारंभ बहुधा शेजारच्या सुन्नी मोहल्ल्यापेक्षा एक-दोन दिवस आधी होतो. त्यामुळे ईदही दोन होतात. एका गावात दोन ईदा होतात हे ऐकून बाहेरच्या माणसास विसंवादाची शंका येते. उज्जयिनीकरास ती येण्याचे कारण नाही, कारण महिन्याची दोन मोजमापे त्याच्या अंगवळणी पडलेली आहेत.

त्याचे प्रमाण रामघाटावरच आहे. श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी या घाटावर येते आणि क्षिप्रेच्या जलाने देवाचे पूजन होते. माळव्याचे पंचांग पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेस महिना संपविणारे. शिंद्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचे अमान्त. सवारी श्रावण संपल्यावरही भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात निघते, आणि माळवी माणसाचा हा भाद्रपद मराठी घरात अजून श्रावणच असतो. देव मात्र दोघांच्याही महिन्यात घाटावर येतो.

आपल्या पूर्वजांच्या दफ्तरातही रमजान परका नव्हता. मराठेशाहीतील पत्रांवर ‘छ’ हे अक्षर घालून चंद्राची तिथी लिहीत, आणि महिना मोहरम, रजब, रमजान असा असे. वर्ष मात्र मृग नक्षत्राबरोबर पालटणारे, कारण वसुली पिकावर अवलंबून आणि पीक पावसावर. ब्राह्मण कारकुनाला आपण परधर्माचा महिना लिहितो आहोत असे वाटत असेल, हे मला संभवनीय दिसत नाही. देवाणघेवाण त्याहूनही पुरातन आहे. भारतीय ज्योतिषाने मूळ याम्योत्तर रेषा उज्जयिनीवरून नेलेली होती. आठव्या शतकात सिद्धान्तग्रंथांचे ज्ञान बगदादेस पोहोचले, आणि नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने रचलेली कोष्टके ‘अरीन’च्या रेषेवर आधारली गेली. हे अरीन म्हणजेच उज्जयिनी.

पाहावे की गणावे, हा प्रश्न इतर देशांतही आहे. तुर्कस्थानात धर्मखाते गणिताने तारखा आधीच प्रसिद्ध करते. रमजान लागला, की मशिदीच्या दोन मिनारांमध्ये दिव्यांची ओळ ताणून प्रकाशाक्षरे लिहितात आणि सहरीसाठी ढोलकरी गल्लीगल्लीतून फिरतात. इंडोनेशियात १९१२ मध्ये स्थापन झालेली मुहम्मदिया संस्था गणितावर विसंबते, १९२६ ची नहदतुल उलमा चंद्रदर्शनावर, आणि सरकारला २९ व्या दिवशी सभा भरवून निर्णय जाहीर करावा लागतो. जावा बेटावरील सेमारांग येथे हाच वाद मिटवावा म्हणून १८८१ मध्ये तेथील अधिपतीने मशिदीतील नगारा आणि तोफ यांच्या नादाने आरंभ घोषित करण्याचा प्रघात पाडला. तो ‘दुगदेरान’ उत्सव आजही होतो.

त्याच जावामध्ये रमजानच्या आदल्या दिवशी लोक झऱ्यांवर आणि कुंडांवर जाऊन डोक्यावरून स्नान करतात. या प्रथेला ‘पदुसान’ म्हणतात आणि बोयोलालीजवळच्या पेंगिंगच्या झऱ्यावर त्यासाठी गर्दी लोटते. पोरे, म्हातारे, गृहिणी सारे पाण्यात उतरतात, आणि व्रतास शुद्ध देहाने सामोरे जावे एवढाच त्यामागील भाव असतो. धर्मशास्त्राने हे स्नान अनिवार्य केलेले नाही, ते लोकांनी आपल्या भूमीतून घेतले. रामघाटावर पर्वकाळी बुडी मारणाऱ्या यात्रेकरूस ते समजावून सांगावे लागणार नाही. मला स्वतःला रमजानच्या साऱ्या देशोदेशीच्या स्वागतांत हे सर्वांत हृद्य वाटते.

कैरोत रस्त्यांवर ‘फानूस’ कंदील लागतात. फातिमींनी वसविलेल्या त्या नगरातील अल्-हाकिमची जीर्ण मशीद बोहरा समाजाने विसाव्या शतकात पुन्हा उभी केली, तेव्हा उज्जयिनीचे बोहरे ज्या गणनेने रोजे धरतात तिच्या मूळ गावाशी त्यांचा संबंध अद्याप जिवंत आहे. तोफेसाठी मात्र दूर जाण्याची गरज नाही: भोपाळजवळच्या रायसेन किल्ल्यावर नबाबी काळापासून सहरी व इफ्तारची तोफ उडते, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून महिन्याभराचा परवाना घेतला जातो.

हिजरी वर्ष ३५४ वा ३५५ दिवसांचे असते. आपण अधिकमास घालून चंद्राला सूर्याशी बांधून ठेवतो. इस्लामने तो घातला नाही, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकत ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. माळव्यातील भर ज्येष्ठात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेता सुमारे १५ तास काढावे लागतात, आणि हातगाडी ओढणाऱ्या हमालानेही ते काढलेले असतात. पौषात तोच रोजा १२ तासांच्या आसपास येतो. २०३० साली रमजान जानेवारीत एकदा येईल आणि डिसेंबराअखेर दुसऱ्यांदा लागेल, आणि दोन्ही वेळा उज्जयिनीत बोहऱ्यांचा पहिला रोजा बहुधा आधीच झालेला असेल.