संगणकाचे आयुष्य कोण ठरवते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचे, सर्वसाधारण पाठबळ थांबविले. त्यामुळे त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. आदल्या दिवशी पत्र टंकलिखित करणारे यंत्र दुसऱ्या दिवशीही तितक्याच तत्परतेने काम करीत होते. तरीही लक्षावधी कार्यालये, शाळा व कुटुंबांपुढे एक आर्थिक प्रश्न उभा राहिला : हे यंत्र यापुढे मालमत्ता समजावे की भंगार?

जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, राज्याच्या वीज कंपन्या, संरक्षण साहित्याचे कारखाने आणि विद्यापीठे यांमुळे हे शहर मूलतः कार्यालयांचे शहर आहे. अशा ठिकाणी संगणक हे सार्वजनिक सेवेचे साधन असते व त्याची किंमत बहुधा करदात्याने मोजलेली असते.

घसारा आणि कालबाह्यता

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे दोन संकल्पनांमधील भेद लक्षात घ्यावयास हवा. वापरामुळे यंत्र झिजते व त्याचे मूल्य घटते, ही झीज. यंत्र धडधाकट असूनही बदलत्या परिस्थितीत ते निरुपयोगी ठरते, ही कालबाह्यता. हिशेबातील घसारा या दोन्हींना एकत्रच गृहीत धरतो. आयकरासाठी संगणकावर घटत्या शिलकेच्या पद्धतीने ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ४०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांनंतर पुस्तकात जेमतेम ३,११० रुपयांचा उरतो. प्रत्यक्षात मात्र चांगला संगणक आठ-दहा वर्षे सहज चालतो.

संगणकाच्या बाबतीत कालबाह्यतेची तारीख आधीच जाहीर केलेली असते, आणि ती यंत्राचा मालक ठरवत नाही. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणतः २०१८ पासूनचे प्रोसेसर आवश्यक आहेत. त्यामुळे असंख्य सुस्थितीतील यंत्रे अपात्र ठरली. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा संगणकांची संख्या जगभरात सुमारे २४ कोटी असेल असा अंदाज वर्तविला होता. विजेच्या दिव्यांचे आयुष्य हेतुतः एक हजार तासांपर्यंत मर्यादित ठेवणाऱ्या, १९२४ मध्ये स्थापन झालेल्या फीबस कार्टेलची येथे अनेकांना आठवण होते. ही तुलना मला पूर्णतः न्याय्य वाटत नाही. जुन्या कार्यप्रणालीची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांचे वेतन हा खराखुरा खर्च आहे आणि कोणतीही कंपनी तो अनंतकाळ सोसणार नाही. प्रश्न एवढाच की, कंपनीने हात काढून घेतल्यावर मालकापुढे कोणता मार्ग उरतो?

पाठबळ संपते म्हणजे काय होते?

प्रत्येक कार्यप्रणालीत दोष असतात व ते सतत उघडकीस येत असतात. पाठबळ चालू असेतो कंपनी त्यांवर दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवीत राहते. पाठबळ संपले की दुरुस्ती थांबते, दोष मात्र राहतात. शिवाय नव्या आवृत्तीसाठी निघालेल्या दुरुस्तीचा अभ्यास करून हल्लेखोर जुन्या आवृत्तीतील तेच छिद्र शोधू शकतात.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने हे जगाला दाखवून दिले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांनाही त्याची बाधा झाली. या घटनेनंतर सर्व दोष ‘विंडोज एक्स-पी’वर, म्हणजे ८ एप्रिल २०१४ रोजी पाठबळ संपलेल्या आवृत्तीवर, टाकला गेला. वस्तुतः बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे ‘विंडोज ७’ वर चालणारी होती. तिचे पाठबळ तेव्हा चालू होते आणि दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती, इतकेच. म्हणजे सुरक्षिततेचा संबंध यंत्राच्या वयाशी नसून त्यावरील कार्यप्रणालीला दुरुस्त्या मिळतात की नाही आणि त्या वेळेवर बसविल्या जातात की नाही, याच्याशी आहे.

बाधित संगणक शेजारच्या संगणकांनाही धोक्यात आणतो. हे ऋण बाह्यपरिणामाचे उत्तम उदाहरण होय. अशा ठिकाणी नियामकाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना एटीएम यंत्रांवरील पाठबळ संपलेल्या कार्यप्रणाली टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत काम पूर्ण करण्याचा आदेश दिला, तो याच तर्काने.

न्यायालयांनी निवडलेला मार्ग

या प्रश्नाचे एक उत्तर जबलपूरच्या न्यायालयीन व्यवस्थेत पाहावयास मिळते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला. जिल्हा न्यायालयांतील संगणकांसाठी व न्यायाधीशांच्या लॅपटॉपसाठी उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली स्वीकारण्यात आली. खटल्यांची नोंद ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने विकसित केली, हे मराठी वाचकांना जाणून घेणे आवडेल. २०१५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात खरेदीचे अधिकार उच्च न्यायालयांकडे आले. साहजिकच मध्य प्रदेशातील जिल्हा न्यायालयांच्या संगणकांचे नियोजन जबलपूरहून होऊ लागले.

याचा आर्थिक अर्थ असा : उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीलाही साधारण पाच वर्षांचीच मोफत दुरुस्ती-सेवा असते. परंतु ती मुदत संपल्यावर पुढील आवृत्ती विनामूल्य मिळते आणि यंत्राची क्षमता पुरेशी असेल तर त्याच यंत्रावर बसते. परवाना नव्याने विकत घ्यावा लागत नाही. यंत्र केव्हा बदलावयाचे हा निर्णय विक्रेत्याकडून निघून मालकाकडे येतो. मार्च २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, तेव्हा खर्चाबरोबरच हे स्वातंत्र्यही विचारात होते.

संक्रमणाचा खर्च

तथापि ‘विनामूल्य’ या शब्दाने दिपून जाऊ नये. म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. सवय, इतर कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवघेव आणि विशिष्ट सॉफ्टवेअरवरील अवलंबन यांना अर्थशास्त्रात संक्रमण-खर्च म्हणतात.

हिंदी भाषक मध्य प्रदेशात या खर्चाचे एक अस्सल देशी रूप आढळते. तेथील कार्यालयांत वर्षानुवर्षे ‘कृतिदेव’ फाँटमध्ये टंकलेखन झाले. या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांची केवळ चित्रे असतात, आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे असतात. फाँट नसलेल्या यंत्रावर अशी फाईल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. महाराष्ट्रातील जुन्या फाँटमधील फाईलींचीही हीच गत आहे. म्हणून कार्यालयांना जुन्या कार्यप्रणालीत जखडून ठेवणारी बेडी पुष्कळदा यंत्रात नसून फाईलींत असते. युनिकोडचा स्वीकार हाच तिच्यावरील उपाय होय. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखन युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल कळफलकावर होते. इनस्क्रिप्ट हा कळफलक लिनक्समध्ये आयताच उपलब्ध असतो.

एका शाळेचा हिशेब

एखाद्या शाळेत आठ वर्षे जुने वीस संगणक आहेत असे मानू. नव्या यंत्रास ४०,००० रुपये धरल्यास एकूण खर्च ८ लाख रुपये. ती आठ वर्षे चालली तर वार्षिक भार १ लाख रुपये. याउलट प्रत्येक जुन्या यंत्रात फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी व वाढीव स्मृती बसविण्यास ४,००० रुपये, म्हणजे ८०,००० रुपये आणि शिक्षकांचे प्रशिक्षण व तंत्रज्ञाचे मानधन ६०,००० रुपये धरू. या १,४०,००० रुपयांत यंत्रे आणखी चार वर्षे चालली, तर वार्षिक भार ३५,००० रुपये येतो. व्याज आणि विजेचा खर्च येथे वगळला आहे. विद्यार्थ्यांनी तो मिळवून पाहावा. आकडे गृहीत आहेत, परंतु चारऐवजी दोनच वर्षे यंत्रे चालली तरी भार ७०,००० रुपयांवर जातो, म्हणजे नव्या खरेदीपेक्षा कमीच राहतो.

या मार्गालाही मर्यादा आहेत. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना मुक्त सॉफ्टवेअरचेही पाठबळ आटत चालले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी नवी प्रस्थापना बंद केली. लेखापालनाचे एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर किंवा जुना स्कॅनर लिनक्सवर चालत नाही, अशीही अडचण येते. म्हणून सर्व यंत्रे एकाच दिवशी बदलू नयेत. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी एकाच यंत्रावर प्रिंटर, कळफलक आणि नेहमीच्या फाईली तपासाव्यात. ज्या एखाद्या संगणकावर जुनी कार्यप्रणाली ठेवणे अपरिहार्य असेल, तो इंटरनेटपासून तोडावा, आणि त्यावर बाहेरचे पेन ड्राइव्ह लावू देऊ नयेत. हा दुसरा नियम पहिल्याहून अधिक वेळा मोडला जातो.

यंत्र खरोखर काढून टाकावयाचे असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू होतात. त्यांत उत्पादकावर पुनश्चक्रणाची विस्तारित जबाबदारी आहे आणि नूतनीकरण करणाऱ्यांचीही नोंदणी होते. नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्याने यंत्राचे आयुष्य वाढविले की त्याला प्रमाणपत्र मिळते. ते विकत घेणाऱ्या उत्पादकाची पुनश्चक्रणाची जबाबदारी तेवढ्या काळासाठी पुढे ढकलली जाते. अर्थात वाढलेल्या आयुष्याला कायद्याने प्रथमच विक्रीयोग्य मूल्य दिले आहे. डिस्कवरील माहिती कायमची पुसून, लिलावातील भंगाराच्या ढिगाऐवजी अशा नोंदणीकृत व्यक्तीकडे यंत्र सोपविणाऱ्या कार्यालयालाच या व्यवस्थेत सहभागी होता येते.