शिवनेरीची शिंदळ माकुडी, तंजावरच्या कुंडीत

शिंदळ माकुडी ही शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी मांसल वनस्पती. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860च्या दशकात तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. शास्त्रज्ञ आता तिला वेगळ्या वंशात घालतात, हौशी लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव आहे. सह्याद्रीतले मोजके कडे सोडले तर ती रानात कुठेच उगवत नाही, म्हणून ती नाजूक असणार, घरी जगणार नाही, असं सर्रास धरून चालतात. प्रत्यक्षात फांदीचा तुकडा काही दिवस सावलीत सुकवून भरड वाळूत रोवला, तर तो सहसा मुळं धरतो. तिच्या दुर्मीळपणाचं कारण तिच्या जागेत आहे: उभ्या बेसाल्टमधल्या फटी, आणि त्यांवर दरडी, वणवे, चराई यांचा मारा.

दुसरा गैरसमज जास्त झाडं मारतो. मांसल म्हणजे वाळवंटी, तेव्हा ऊन भरपूर आणि पाणी नाममात्र, हा तो हिशेब. पण माकुडी सह्याद्रीचा अख्खा पावसाळा अंगावर घेते. तिचे बहुतेक भाईबंद निष्पर्ण असतात. हिला मात्र चांगली रुंद पानं येतात, आणि गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलंही. पुढे कोरड्या दिवसांत पानं गळतात. हा तिचा विसावा. झाड मरतंय असं समजून नेमकं तेव्हाच कुणी पाणी ओततं आणि खोड कुजतं. एवढा पाऊस ती कड्यावर सोसते, मग कुंडीत का कुजते? कारण फटीत पाणी थांबत नाही. तंजावरला हाच मुद्दा कळीचा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यामुळे या गावाचं शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांच्या घराण्याशी नातं जुळलं खरं, पण हवामान नात्याला भीक घालत नाही. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि कावेरीची गाळाची माती पाणी धरून ठेवणारी. तेव्हा पुण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. जूनपासून हातानं पाणी द्यावं, दर वेळी माती वाळल्यावरच; ऑक्टोबरच्या झडीत कुंडी वळचणीला घ्यावी आणि पानं गळू लागली की हात आखडावा. मातीची कुंडी, भरड वाळू, विटांचे तुकडे, थोडं पानांचं खत पुरे. सकाळचं ऊन द्यावं, दुपारचं टाळावं.

इतकं सोपं असेल तर घरोघरी लावून जात वाचवता येईल की, असं कुणी म्हणेल. इथे मला थांबावंसं वाटतं. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर झाडं आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असतात. कड्यावरची विविधता त्यांत येत नाही. मग घरी लावण्यात अर्थच नाही का? आहे, पण मर्यादित: रोपवाटिकेत वाढवलेली झाडं मिळाली तर कड्यावरून ओरबाडण्याचं कारण कमी होतं. म्हणून विकत घेण्याआधी मातृरोप कुठलं हे विचारावं, आणि विक्रेता कौतुकानं ‘गडावरून आणलंय’ म्हणाला, तर ते रोप घेऊ नये.