एका संध्याकाळीत मावणारा नाच

कोलकात्यात खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. तिच्या कडेने गार्डन रीचचा रस्ता धरला की बंदराच्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा मागे पडतात आणि मटियाबुर्ज लागतं. आज तिथे गल्लोगल्ली शिलाईयंत्रं धडधडतात. अवधची गादी गेल्यावर, १८५६ मध्ये, नवाब वाजिद अली शाह याच भागात येऊन राहिला. १८८७ साली मृत्यू येईपर्यंत त्याने इथे गवई, वादक, नर्तक पोसले. त्याची कबर इथल्याच सिबतैनाबाद इमामबाड्यात आहे.

नवाबाच्या मैफलीला घड्याळ नव्हतं. नर्तक एकटा, समोर जाणकार. एखादा तुकडा रंगला की तो फुलवायचा, तिहाईची, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या बोलाची, चाहूल तबलजीला नुसत्या नजरेने द्यायची.

पडदा वेळेवर उघडणाऱ्या नाट्यगृहात हे कसं चालावं? लीला रॉय यांच्यापुढे हाच प्रश्न होता. मूळच्या बारिसालच्या या बंगाली बाई पुढे ‘मेनका’ या नावाने गाजल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखे हे त्यांचे पती. कथक त्या सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्याकडे शिकल्या. म्हणजे लखनौच्या ज्या नाचावर वाजिद अलीने जीव टाकला तोच. पण मंडळी घेऊन देशोदेशी फिरायचं तंत्र गुरूंकडे नव्हतं. ते होतं रशियन बॅले नर्तकी आन्ना पावलोवाकडे.

पावलोवाच्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला असे: आधी एखाददुसरा लांब बॅले, शेवटी छोट्या नाचांची माळ. नृत्यरचनाकार फोकिनने तिच्यासाठी रचलेला मरणाऱ्या हंसाचा नाच अवघ्या काही मिनिटांचा, पण लोक त्याचीच वाट पाहत. भारत पाहून गेल्यावर तिने १९२३ साली लंडनमध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर बॅले केला आणि राधा-कृष्णाच्या नाचात तरुण उदय शंकरला सोबत घेतलं. मेनकांनाही तिनेच उत्तेजन दिलं.

अशा मिश्र कार्यक्रमाचा क्रम केवळ रुचीवर ठरत नाही. तो पडद्यामागे ठरतो. कथकचे घुंगरू दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात, ती लांब माळ घोट्याभोवती फेरे घेत घट्ट आवळावी लागते. अंगरखा-चुडीदार उतरवून घागरा चढवायचा, दागिने बदलायचे, श्वासही जागेवर आणायचा. तोवर रंगमंच रिकामा ठेवता येत नाही. मग वाद्यवादन येतं. मेनकांच्या युरोप दौऱ्यात लखनौचे सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. अशा कलाकाराला नुसती खिंड लढवायला बसवणं परवडत नाही. त्यांचं सरोद हाही कार्यक्रमाचाच भाग होता.

दुसरी अडचण अधिक नाजूक. एकटा नर्तक ऐन वेळी चार आवर्तनं वाढवू शकतो. सहा जणांना ते जमणार नाही; सगळ्यांचे पाय एकाच समेवर पडायला हवेत, म्हणजे उत्स्फूर्ततेला कात्री लावून मात्रा आधीच मोजून ठेवायच्या. मेनकांनी ही किंमत मोजली, आणि ती थोडी नव्हती. पण कथकचं समूहनाट्य उभं राहिलं ते त्यामुळेच. १९३६ च्या बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या मंडळीला बक्षिसं मिळाली आणि १९३८ पर्यंत युरोपभर प्रयोग झाले.

त्या मंडळीत मुंबईची एक मराठी मुलगी होती: दमयंती जोशी. जन्म १९२८ चा. ज्या वयात इतर मुली परकरात ठिकरी खेळतात त्या वयात ती परदेशी रंगमंचांवर उभी राहत होती. सोबत आई होती. मेनकांनी तिला लेकीसारखं वाढवलं.

मेनका १९४७ साली गेल्या. दमयंतीबाईंनी अच्छन, लच्छू आणि शंभू महाराजांकडे शिक्षण घेतलं आणि पुढे एकल नर्तकी म्हणून नाव मिळवलं. १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. कथकच्या रंगमंचावर साडी आणण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. कपडेपट बाळगणाऱ्या मंडळीत वाढलेल्या बाईने अखेर एका साडीवर अख्खी मैफल करावी, यात सौंदर्यदृष्टी किती आणि प्रवासातला शहाणपणा किती, हे सांगणं अवघड. मटियाबुर्जच्या शिंप्यांना मात्र त्या साडीतून काही मिळालं नसतं.